दुपारची नाडी

अण्णाजींचं प्रेत अल्लीपूरच्या त्यांच्याच शेतात, मोटरपंपाच्या खोलीमागे सापडलं. डोकं फुटलेलं. मनगटावर पुतण्या रजतनं दिलेलं स्मार्टवॉच.

इन्स्पेक्टर चारुतांना ठाण्यात फोन करायचा होता. शेतात टॉवर मिळेना. डांबरी रस्त्यापर्यंत चालत जाऊन त्यांनी फोन केला.

रजतनं गुन्हेगार आधीच ठरवून टाकला होता. अण्णाजींच्या शेतावर वर्षभराच्या बोलीवर राबणारा सालदार डोमाजी. गावानंही, नेहमीप्रमाणे अक्कल गहाण ठेवून, त्याला बाभळीला बांधलं होतं. चारुतांनी सोडवलं, तरी काठ्या खाली आल्या नव्हत्या.

"हाच कशावरून?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, दुपारी मी जाम गावच्या हॉटेलात होतो," रजत म्हणाला. "माह्या मोबाइलवर या घड्याळातली काकाजीची नाडी आली. 'आत्ताच अपडेट' लिवलं होतं! साऱ्यायले दाखवली. म्हणजे तवा काकाजी जिते होते. त्याच्या बाद वावरात हा एकटाच."

"डोमाजी, सकाळी कुठं होता?"

"बैलाले नाल ठोकाले गावात गेलतो. दुपारी आलो त मालक दिसले नाई. वाटलं, घरी गेले असन."

"प्रेत आधी कोणी पाहिलं?"

"मीच," रजत म्हणाला. "जामवरून आलो अन् काकाजीच्या गळ्यात पडून रडलो." डोळे मात्र कोरडे ठणठणीत होते.

"अण्णाजींचा मोबाइल?"

"त्यायच्या खिशात. तुमीच काढला न!"

चारुता हसल्या. त्या हसण्यात कीव नव्हती.

"घड्याळ बोललं की ब्रह्मवाक्य, नाही का? अहो, या घड्याळाला सिम नाही. ते नाडी देतं अण्णाजींच्या मोबाइलला. टॉवर मिळाला की तो मोबाइल पाठवतो तुम्हाला. 'आत्ताच' म्हणजे आकडा आत्ता पोचला. नाडी सकाळचीही असेल. आणि इथं तर टॉवरच नाही. मग दुपारी अण्णाजींचा मोबाइल होता कुठं?"

रजत एक पाऊल मागं सरकला.

"तुमच्या खिशात. डोमाजी गावात असताना काकांना मारलंत, मोबाइल जामला नेलात. तिथं टॉवर मिळाला, सकाळची नाडी आली, ती दुपारची म्हणून मिरवलीत. गळ्यात पडलात ते मोबाइल परत खिशात सारायला. मोबाइल कंपनीला विचारते, हा मोबाइल दुपारी जामच्या टॉवरवर होता का."

"म्हातारा वावर विकूच देत नव्हता!" रजत फणकारला. "किती वाट पायची मी?"

त्याला जीपमध्ये कोंबलं. काठ्या मुकाट खाली आल्या.

"आमाले त पयलेच डाउट होता," एक शहाणा म्हणाला.

"त मंग मले बांधलं काऊन?" डोमाजीनं विचारलं.

शहाणा काठी खांद्यावर टाकून घराकडं निघाला. लाज कोणाकडेच नव्हती.