पंखावरची इस्त्री

भर दुपारी शिंप्याच्या दुकानाच्या दारात एक लांबलचक चादर आडवी अडकली. चादरीमागून आवाज आला, "जरा... आत घेता का? पंख आहे हा."

शिंप्याची धाकटी मशीनवरून उठली. कोपऱ्यावरचा घड्याळवाला! रोज दिसायचा, पण मान खाली, डोळ्याला भिंग. आज दोन्ही डोळे मोकळे होते — आणि चांगलेच घाबरलेले.

"बिनइंजिनाचं विमान करतोय," तो म्हणाला. "वाऱ्यावर तरंगतं, खालून रिमोटने वळवायचं. सहा महिने खपून लाकडी सांगाडा केला. आता त्यावर हा प्लॅस्टिकचा नारिंगी पापुद्रा इस्त्रीने बसवायचाय, तर माझ्या हातून नुसत्या सुरकुत्या! हलक्या हाताची इस्त्री मिळेल का?"

"इस्त्री आहे," कात्री न थांबवता बाबा म्हणाले. "हाताचं तिला विचारा."

तिने काही विचारू दिलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकान आवरलं की ती त्याच्या घरी. जेवणाच्या टेबलावर पंख पसरलेला. त्याची आई म्हणायची, "महिना झाला, ताट मांडीवर घेऊन जेवतोय आम्ही. तूच काय ते लवकर उरक गं बाई!"

पण उरकायची घाई होती कोणाला?

इस्त्री फिरती ठेवायची, हे ती पहिल्याच दिवशी शिकली. एका जागी थांबली की पापुद्रा आक्रसतो आणि पंखाला पिळून टाकतो.

"तपासून बघा ना," ती एकदा म्हणाली.

"तुमच्या हातचं? नाही तपासत मी."

एवढ्या एका वाक्यावर तिचे आठ दिवस गोडात गेले. पण सुखाला दृष्ट लागायला वेळ लागतो थोडाच! नवव्या दिवशी औषधाच्या दुकानातली उंच मुलगी आली. कॉलेजात भाला फेकायची म्हणे.

"माझे हात रिमोटवर अडकलेले," तो उत्साहाने सांगत होता. "हवेत सोडायला असाच खांदा हवा! हे बघ, इथं धर... असं नाही, असं." आणि त्याने तिच्या बोटांवर बोटं ठेवली.

'हे बघ'? पहिल्याच दिवशी 'अगंतुगं'? आणि मी महिनाभर 'तुम्ही'च?

देवाने माणसाला डोळे दोनच दिले, पण मत्सराला हजार. त्या हजार डोळ्यांनी धाकटी ती बोटं पाहत राहिली... आणि हातातली इस्त्री पंखाच्या टोकावर तशीच थांबली.

भानावर आली तेव्हा टोक बोटभर वर वळलं होतं.

"झालं का?" त्याने विचारलं.

"झालं," ती म्हणाली. आणि पंख चादरीत गुंडाळून ठेवला.

रविवारी सकाळी टेकडीवर तिने मनातल्या मनात देवाला साकडं घातलं — वारा पडू दे रे, सगळे घरी जाऊ दे. वारा मात्र मस्त सुटला होता. घड्याळवाल्याने पंख जोडले. तपासले नाहीत. औषधवालीने विमान उचललं, चार पावलं मागे गेली, खांदा ताणला...

"थांबा!" धाकटी ओरडली. "पंख पिळलाय. उडालं की गिरकी घेऊन आपटेल."

त्याने मागून एक डोळा मिटून पाहिलं. चेहरा उतरला. "कधी झालं?"

"तुम्ही हिची बोटं धरलीत तेव्हा. कळलं होतं मला. बोलले नाही."

औषधवाली आधी एकीकडे बघे, मग दुसरीकडे. "मी खाली जाऊन चहा पिते," म्हणून विमान गवतावर ठेवून सटकली.

त्याने पंख सोडवून पुन्हा चादरीत गुंडाळला आणि म्हणाला, "चला घरी."

टेबलावर त्याने टोक उलट्या बाजूला वाकवून दोन्ही हातांनी धरलं. "फिरवा इस्त्री."

"अजून माझ्याच हातात देता?"

"रागावलोय. पण हात तुमचाच लागणार." आणि पंखाकडेच बघत, "विमान फेकायला खांदा पुरतो. पंख मी तुमच्याशिवाय कोणाच्याही हातात नाही दिला... आजवर."

तिची इस्त्री पुन्हा थांबणार होती. यावेळी थांबू दिली नाही.

संध्याकाळी टेकडीवरून विमान झेपावलं — सरळ, अलगद, डौलात. औषधवाली उड्या मारत होती, तिचं आता धाकटीला काही वाटेना. पण घड्याळवाल्याची नजर काही केल्या आभाळातून खाली येईना, आणि तिला त्या नारिंगी पाखराचाच हेवा वाटू लागला.

"इकडे बघ ना," ती म्हणाली.

"आत्ता कसं बघू? पडेल ते! ऐकतोय मी, बोल."

मान वर, दोन्ही हात रिमोटवर. पळायला वाव नव्हता बिचाऱ्याला. ती त्याच्या कानाशी गेली आणि महिनाभराचं सगळं तीन शब्दांत सांगून टाकलं.

वरती विमान एकदम डावीकडे कलंडलं.

"अरे, अरे! पंख बघ!" खालून औषधवाली ओरडली.

"पंख अगदी सरळ आहे," तो म्हणाला आणि विमान सांभाळत, लाल होत, पुटपुटला, "पुन्हा सांग. पण... उतरवू दे आधी."