वत्सूताईच्या आंब्याचं वय

एवढ्या गोड आंब्याची कोय, मग हा आंबा आंबट कसा? परसातल्या मोठ्या झाडाच्या कोयीपासून सहा वर्षं वाढवलेल्या झाडाचं पहिलं फळ चाखून अन्विताने तोंड वाकडं केलं.

तिचे भाऊआजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ. ते त्या मोठ्या आंब्याकडे बघत होते. १९९७ साली त्यांच्या थोरल्या बहिणीने, वत्सूताईने, तिथे एक कोय पुरली होती. तिच्या झाडासारखा मधाच्या वासाचा आंबा खाडीकाठी दुसरा नव्हता. ताई गेली त्या वर्षीही झाड लगडलं होतं. आता, २०७८ साली, खारं पाणी त्याच्या मुळांशी पोचलं होतं. माती तपासणारा यंत्रमानव सकाळीच म्हणाला होता, "हे झाड पावसाळा काढणार नाही."

"कोयीला आई-वडील दोन्ही असतात," आजोबा म्हणाले. "फूल या झाडाचं, पण परागकण (फुलातली नराची भुकटी) माशीने भलत्याच झाडावरून आणलेले. म्हणून तुझं फळ वेगळं. तेच झाड हवं, तर त्याची काडी दुसऱ्याच्या मुळांवर जगवायची. त्याला कलम म्हणतात."

"पण जमीन खारीच ना?"

"मी शंभर कोयी खाऱ्या पाण्यावर रुजवल्यात. चार तगल्यात. मुळं त्यांची घेऊ."

अन्विताने मोठ्या झाडावरच्या चार काड्यांची पानं काढली. आठ दिवसांनी त्यांचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) फुगले, तशा तिने त्या कापून घेतल्या. आजोबांनी चाकूला धार लावली. त्यांनी तो नातीला दिला.

"मला ताईने हात धरून शिकवलं होतं. सावकाश कर."

तिने खाऱ्या पाण्यावर तगलेल्या एका रोपाचा शेंडा छाटून खाच पाडली, काडी पाचरीसारखी तासली.

"सालीखाली ओलसर हिरवा थर दिसतो? ते कॅम्बियम (नव्या पेशी बनवणारा थर). दोघांचे थर भिडले, तरच जीव एक होईल."

तिने काडी बसवून पट्टी घट्ट बांधली. अशी चार कलमं झाली.

दोन काळी पडली. अन्विता रडली, पण पाणी घालत राहिली. विसाव्या दिवशी उरलेल्या दोघांना तांबूस पानं फुटली. गणपतीपर्यंत मोठं झाड मात्र वाळून गेलं. आजोबा बराच वेळ त्याच्या खोडाला हात लावून उभे राहिले.

अन्विता कलमांना पाट्या लावत होती. त्यातलं एक शाळेच्या तरंगत्या बागेत जाणार होतं.

"वय काय लिहू, आजोबा? दोन महिने?"

आजोबांनी तांबूस पानावरून बोट फिरवलं.

"जोडाचं तेवढंच. वरच्या फांदीचं एक्याऐंशी वर्षं लिही," ते म्हणाले. "हे ताईचंच झाड आहे."