मनकर्णेचा घोडा

"घोड्याले इख घातलं, तर तो किती वेळात मरते जी?"

गडचिरोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा समोरचा तरुण एका बकरीच्या पायाला पट्टी बांधत होता. त्याचे हात थांबले. बकरीनेसुद्धा मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"कोनाच्या घोड्याले?"

"माह्या."

"तुमच्याकडं घोडा हाये?"

"हाये ना. काळाभोर. काजळ नाव त्याचं."

"अन् त्याले मारून राह्यल्या तुमी?"

"मी नाई… दुसराच मारते. कोन, ते अजून ठरलं नाई."

तो सावकाश उठला. बादलीत हात धुतले, पंच्याला पुसले. मग अगदी शांतपणे म्हणाला, "डॉक्टरसायेब दौऱ्यावर हायेत. पन पोलीस ठानं जवळच हाये, बाई."

मला हसू आवरेना. "कागदावरचा घोडा हाये जी! कादंबरीतला!"

तो हसला नाही. पण त्याचे कान लाल झाले, आणि ते मला फार आवडलं… हे मात्र मी पुढचे कितीतरी महिने त्याला सांगितलं नाही.

मी मनकर्णा उंदीरवाडे. साल होतं एकोणीसशे शहाऐंशी. जिल्हा नवा झाला होता, रोज कुठलीतरी कचेरी उघडत होती, आणि टायपिंगच्या क्लासाबाहेर पोरापोरींची रांग लागायची. त्या क्लासात मी मराठी टायपिंग शिकवायची. दुपारी मशीन रिकामं असलं की रहस्यकथा लिहायची. दोन छापूनही आल्या होत्या. चंद्रपूरचे वामनराव छोट्या छोट्या कादंबऱ्या छापून बसस्टँडवरच्या स्टॉलांना पुरवत. मात्र दोन्ही पुस्तकांवर नाव होतं– कॅप्टन दिलावर. बाईच्या नावाची रहस्यकथा कोणी विकत घेत नाही, असं वामनरावांचं म्हणणं. छापून येतंय हेच मला तेव्हा खूप वाटायचं.

तिसरी कादंबरी रेसच्या घोड्यांची होती. नागपूरहून येणाऱ्या पेपरात पुण्या-मुंबईच्या शर्यतींचा एक कोपरा असे. त्यातली घोड्यांची नावं वाचून मला वेड लागलं होतं. खरा रेसचा घोडा मी जन्मात पाहिला नव्हता.

"दाखवा," तो म्हणाला.

पिशवीतली चार पानं मी त्याच्या हातात दिली. त्याने ती उभ्याउभ्या वाचली. ओठ हलवत, एकेक ओळ. टिंक्चरने पिवळी झालेली त्याची बोटं पानाच्या कडेलाच राहतील, मजकुराला लागणार नाहीत, याची तो काळजी घेत होता.

"चांगलं लिवता तुमी," तो म्हणाला. मी फुलले. "पन हे चूक हाये. घोडा तोंड उघडून धापा टाकत नाई. कितीबी दमू द्या, घोडा नाकानंच श्वास घेते."

"तुमाले कसं माईत?"

"चार वर्सं पुन्याच्या रेसकोर्सवर होतो मी."

मी पानं हिसकावून घेतली आणि निघाले. माझ्या कादंबरीतला घोडा चार ठिकाणी तोंड उघडून धापा टाकत होता!

दोन दिवस मी रागात काढले. तिसऱ्या दिवशी अख्खं बाड घेऊन दवाखान्यात गेले.

त्याचं नाव लच्छू पुंगाटी. एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या माडिया आदिवासींच्या गावचा. आश्रमशाळेतल्या गुरुजींचा मेहुणा पुण्याला घोड्यांच्या तबेल्यात कामाला होता. त्याने या हलक्या, काटक पोराला सोबत नेलं होतं.

मग लच्छू संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊ लागला. माझे बाबा, रामाजी, शाळेत मास्तर होते. ते एका बाजूला वह्या तपासत बसत, आणि आम्ही दुसऱ्या बाजूला घोडे पळवत असू.

"पहाटे मैदानावर धुकं राह्यते. घोडा दिसायच्या आंधी त्याच्या टापा आयकू येते… पायाखालची जमीन पोटात घुमते."

"थांबा, थांबा. पोटात घुमते– लिहू द्या."

"सगळंच लिवता का तुमी?"

"चांगलं असलं तर."

"मंग मी जरा चांगलंच बोलत जातो," तो म्हणायचा, आणि त्याचे कान पुन्हा लाल.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. लच्छू कधी रुमालात बांधून फुलं आणायचा, "मायनं पाठवली" म्हणायचा. त्याची माय दीडशे किलोमीटरवर राहत होती आणि तो महिन्यातून एकदा गावी जायचा, हे मला ठाऊक होतं. ओसरीभर तो गोड, उग्र वास पसरायचा, आणि बाबा वहीतून डोकं न काढता खाकरायचे.

एकदा मी विचारलं, "मंग सोडलं काऊन रेसकोर्स?"

रुमालाची गाठ सोडता सोडता तो सांगू लागला.

"मले जॉकी व्हायचं होतं. शिकलो. एक रेस धावलोबी. चौथा आलो. मंग मी वाढलो… उंचीनं, वजनानं. एके दिवशी वजनकाट्यावर उभा राह्यलो. सायेबानं काटा पाह्यला. मले पाह्यलं नाई. दुसऱ्या दिवशी माहा घोडा दुसऱ्याले."

त्या दिवशी मी वहीत एक अक्षर लिहिलं नाही. पण घरी सगळे झोपायच्या आत ते वाक्य मला पाठ झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "हे माह्या जॉकीले देऊ का?"

"चौथा नंबर बी?"

"चौथा नंबर बी."

"द्या," तो म्हणाला. "माह्यापाशी पडूनच होतं ते."

कादंबरी पूर्ण झाली. नाव ठेवलं 'रिकामं खोगीर'. शेवटचं पान वाचून लच्छूने बाड खाली ठेवलं. मग त्याला वामनरावांचं पत्र दिसलं. हस्तलिखित घेऊन या, नेहमीप्रमाणे कॅप्टन दिलावर या नावाने छापू.

"हा कॅप्टन दिलावर कोन?"

"मीच."

तो हसला. मग हसायचा थांबला. "तुमी कायले लपून राह्यल्या? तुमी काय चोरी केली?"

बाबांच्या हातातली लाल पेन्सिल थांबली होती.

"उद्या चंद्रपूरले जा," बाबा म्हणाले. "लच्छूलेबी ने. घोड्याचं काई विचारलं तर सांगते तो."

वामनरावांचा छापखाना म्हणजे दोन खोल्या. आत यंत्र धडधडत होतं, बाहेर शाईच्या वासात वामनराव बसले होते. मी बाड पुढे ठेवलं आणि म्हटलं, "यावर माहं नाव पायजे."

"पोरी, रेसकोर्सचं रहस्य अन् लेखिका मनकर्णा उंदीरवाडे? स्टॉलवाला हसन माह्यावर." त्यांनी चष्म्यावरून लच्छूकडे पाहिलं. "हे कोन?"

"पुन्याले रेसकोर्सवर होते. घोड्यांची सगळी माहिती यांनीच दिली."

वामनराव खुर्चीत सरळ झाले. "जॉकी होते? अरे वा! मंग यांचंच नाव टाकू ना! 'माजी जॉकीनं लिहिलेली थरारक कादंबरी!' फोटो बी छापू. हातोहात जाईन!"

मी लच्छूकडे पाहिलं नाही. पाहवेना. ज्या मैदानाने त्याला काढून टाकलं, त्याच मैदानाचा मान त्याला असा पुस्तकाच्या पाठीवर परत मिळत होता. त्याने हो म्हटलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता… पण पुन्हा त्याच्यासाठी ओसरीवर चटईही टाकली नसती.

"सायेब," लच्छू म्हणाला, "मी एकच रेस धावलो, तेबी चौथ्या नंबरानं. घोडे धुतले, घोड्यांची लीद काढली. त्याचं मले काई वाटत नाई. पन हे पुस्तक मी लिवलं नाई. हे यायनं लिवलं. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून पयला नंबर घेनारा मानूस मी नाई."

छापखान्याचं यंत्र धडधडत होतं. 

मी बाडातली शेवटची नऊ पानं काढून घेतली. "वामनभाऊ, बाकीचं आत्ता वाचा. काजळले कोनं मारलं ते ओळखलं, तर कॅप्टन दिलावर छापा, मी पुन्हा बोलनार नाई. नाई ओळखलं, तर माहं नाव. पुरं."

वामनरावांना गंमत वाटली. "पोरी, तीस वर्सं रहस्यकथा छापून राह्यलो मी."

"म्हनूनच तर म्हनते."

अकरा वाजता ते वाचायला बसले. आम्ही दाराजवळच्या बाकड्यावर. बारा वाजले. त्यांचा चहा आला, निवला, साय धरली, तरी कपाला हात लागला नाही.

"भेव लागते का?" लच्छूने हळूच विचारलं.

"नाई."

"मंग माही बाही काऊन धरली?"

मी खाली पाहिलं. खरंच धरली होती. मी सोडली नाही. त्यानेही सोडवून घेतली नाही.

दोन वाजता वामनरावांनी मान वर केली. "डॉक्टर! घोड्यांचा डॉक्टर. औषधं त्याच्याच हाती."

"नाई," मी म्हटलं. "तबेल्याचा मॅनेजर."

"कसा? मॅनेजरनं तर जॉकीले पळताना पाह्यलं. सक्काळी सहाले तो तबेल्यात होता."

"तो म्हनते तसं. पान एक्केचाळीस काढा."

त्यांनी पान काढून मोठ्याने वाचलं. "'मी स्वतः पाहिलं साहेब, काजळ तोंड उघडून धापा टाकत होता…' मंग?"

"घोडा नाकानंच श्वास घेते, भाऊ. दमला तरी, मरते तरी. मॅनेजर हिशेबाच्या खोलीत बसनारा मानूस, त्याले हे ठाऊक नाई. इख त्यानं आदल्या दिवशीच्या चाऱ्यात घातलं. सहाले तो तिथी नव्हताच. जॉकीवर आळ घालाले त्यानं मनानं रचून सांगितलं."

वामनरावांनी ते पान पुन्हा वाचलं. मग हात पुढे केला, नऊ पानं माझ्याकडून घेतली आणि तीही वाचून काढली. लच्छू माझ्याकडे बघत होता. चार ठिकाणची माझी चूक मी तीन ठिकाणी खोडली होती. चौथी मी खुन्याच्या तोंडी घातली होती.

वामनरावांनी दौतीत टाक बुडवला आणि पहिल्या पानावर, 'रिकामं खोगीर'च्या खाली, मोठ्या अक्षरात लिहिलं– मनकर्णा उंदीरवाडे. मग आतल्या खोलीतल्या खिळे जुळवणाऱ्याकडे तोंड करून ओरडले, "पत्रू, नाव जाड टायपात बसव रे! या बाईनं मले हरवलं!"

परतीची बस मूलच्या स्टँडवर थांबली. आम्ही खाली उतरून चहा घेतला. मी अजून जमिनीवर नव्हते. लच्छू मात्र नुसताच कपात बघत होता.

"काय झालं?"

"काई नाई. पुस्तक झालं तुमचं… आता मी ओसरीवर कायच्या निमतानं येऊ?"

"निमित्त कायले पायजे? सरळ या."

"लोक विचारन, काऊन येते."

"मंग सांगा, काऊन येता ते."

त्याने कप खाली ठेवला. "मले मांडता येत नाई तुमच्यासारखं. पन… आज त्या वामनरावापुढं तुमी उभ्या राह्यल्या ना, मले वाटलं, ही बाई जिथी उभी राहीन तिथी शेजारी उभं राह्याचं. जलमभर." मग घाईघाईने, "पन मी माडिया. आमचे देव अलग, तुमचा धम्म अलग. माह्या मायले मराठी धड येत नाई–"

"तुमचे देव तुमच्यापाशी, माहा धम्म माह्यापाशी. अन् मायची भाषा शिकन मी. घोड्याची शिकली, तर मानसाची नाई शिकनार?"

कंडक्टरने घंटी मारली. लच्छू तसाच उभा. मीच त्याला दंडाला धरून बसमध्ये चढवलं.

बाबांना कसं सांगायचं, ते मात्र ठरेना. तो म्हणे तुमी सांगा, मी म्हणे तुमी. असं करत पावसाळा गेला, दिवाळी आली, आणि एका सकाळी बसस्टँडवरच्या स्टॉलवर 'रिकामं खोगीर' लागलं. धावणारा काळा घोडा, आणि त्याच्याखाली जाड टायपात माझं नाव.

बाबा सकाळपासून स्टॉलच्या बाजूला पेपर उघडून उभे होते. पेपर उलटा होता. पुस्तक कोणी हातात घेतलं की ते कडेने डोकावत. मी थोडी दूर, लाजून चूर.

तेवढ्यात लच्छू आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. पेपरामागे कोण आहे हे त्याला दिसलं नाही. त्याने एकदम पाच प्रती उचलल्या.

"पाच?" स्टॉलवाल्याने विचारलं. "लेखिका वळखीची हाये का काय?"

लच्छूने छाती काढून, आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माही होनारी बायको हाये!"

पेपर हळूहळू खाली आला.

लच्छूचा चेहरा पांढरा पडला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी स्टॉलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जिनं हे लिवलं, ते माही पोरगी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज शाळेच्या झेंडावंदनाला असतो तसा झाला होता. "अन् हा पाच घेनारा… माहा जावई."