उतरवलेला शीण

त्या वर्षीच्या चक्रीवादळानंतर किनाऱ्यावर जुने कपडे-वस्तू पाठवायला सरकारने सक्त बंदी घातली. कारणही तसंच होतं. मागच्या वादळाच्या वेळी छप्पर उडालेल्या माणसांनी मदतीची पोती उघडली, तर आतून लग्नातल्या शेरवान्या, लोकरीचे कानटोपे आणि एकेका पायाचे बूट निघाले. त्यातले बूट नाशिकच्या सुधाकर गायधनींच्या दुकानातले होते. शोकेसमध्ये मांडलेले, जोडी हरवलेले बूट वर्षानुवर्षं पडून होते. तेवढंच पुण्य, म्हणून त्यांनी पोतंभर देऊन टाकले होते. ही गोष्ट त्यांच्या पत्नीने, सुमनताईंनी, आजवर एकाही पाहुण्यापासून लपवून ठेवली नव्हती.

त्यामुळे 'वस्तू नकोत, शीण वाटून घ्या' असं आवाहन झालं, तेव्हा गायधनींनी सगळ्यांच्या आधी नाव नोंदवलं.

"म्हणजे मी नेमकं करायचं काय?" त्यांनी विचारलं.

"पडून राहायचं," डॉ. तेजस्विनी अंबाडे म्हणाल्या. शीणवहनाचा शोध त्यांचाच. "स्नायू दमतात ते वेगळं आणि आपल्याला दमल्यासारखं वाटतं ते वेगळं, काका. ते वाटणं मेंदू तयार करतो, सावधगिरी म्हणून, बरंच आधी. तिकडे काम करणाऱ्याच्या कमरेचा पट्टा ते टिपतो आणि तुमच्या पट्ट्याकडे धाडतो. त्यांना हलकं वाटतं, दुप्पट काम होतं. तुम्ही कण्हायचं."

"आणि त्यांचे स्नायू?"

"खरंच दुखावतील अशी वेळ आली, की पट्टा आपोआप बंद."

गायधनींच्या वाट्याला वेळशेत गावच्या द्वारका म्हसकर आल्या. वय पंचावन्न, एकट्या, आणि घराचं नुसतं जोतं उरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता गायधनी पट्टा बांधून दिवाणावर आडवे झाले आणि सव्वानऊला त्यांनी "आई गं" म्हटलं. तिकडे द्वारकाबाईंनी चिरे उचलायला घेतले होते.

"काम करायचं नाही आणि थकायचं मात्र," सुमनताई शेजारणीला म्हणाल्या, "ह्यात नवीन काय शोधलं, देव जाणे. मी लग्नापासून बघतेय."

पण गायधनी हटले नाहीत. दोन महिने ते दिवाणावर घाम गाळत राहिले. हळूहळू त्यांना कळू लागलं, की आज पायऱ्या चढल्या, आज कौलं वर दिली. तिसरी पायरी उंच झाली हे त्यांच्या गुडघ्याला समजलं. मागच्या दाराची चौकट बुटकी बसली हे मानेला समजलं. जेवताना ते अगदी सहज म्हणत, "आज आपल्या भिंतीला गिलावा झाला." आयुष्यभर दुसऱ्याच्या पायांची मापं घेतलेल्या माणसाला प्रथमच आपण काहीतरी उभं केल्यासारखं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

घरासाठी जो राबला त्याला वास्तूच्या दिवशी पहिलं पान वाढायचं, ही वेळशेतची रीत. तसं द्वारकाबाईंचं बोलावणं आलं. गायधनी डॉक्टरांसोबत पोचले. घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही. तरी तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय आपोआप जास्त उचलला गेला. डॉक्टर मात्र अडखळल्या.

द्वारकाबाई अंगणातच उभ्या होत्या, चपला बाहेर काढून, पदर सावरून.

"या ना, आत या," गायधनी उंबऱ्यातून म्हणाले. मग आपण कुणाला काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते ओशाळले.

द्वारकाबाई आल्या आणि सतरंजीच्या कडेला टेकल्या. पानं मांडली, पहिलं पान गायधनींपुढे आलं. पाणी आणायला म्हणून त्या मागच्या दाराकडे गेल्या आणि चौकटीवर त्यांचं कपाळ आपटलं.

"जपून, बुटकी आहे ती," गायधनी बसल्या जागेवरून म्हणाले.

"रोज आपटतंय," कपाळ चोळत द्वारकाबाई म्हणाल्या. "काय सांगू भाऊ, घर झाक झालंय. ह्याच हातांनी एकूण एक चिरा लावला. पण कुणाकडे तरी पाहुणी आल्यागत वाटतंय. चूल कुठं मांडावी तेसुद्धा सुचत नाही."

"खिडकीखाली," गायधनी म्हणाले. त्यांना विचार करावाच लागला नाही.

डॉ. अंबाडेंचा हात भातावरच थांबला.

"हे माझ्या ध्यानातच आलं नाही," त्या म्हणाल्या. "एखादी गोष्ट आपली आहे, हे मेंदू शिणावरून ठरवत असणार. जितकं दमलो तितकं आपलं. आपण यांचा शीण नेला, त्याच्याबरोबर तेही गेलं."

"मग परत पाठवा की."

"शीण साठवता येत नाही, काका. तुम्ही तो भोगून संपवलात." त्यांचा आवाज खाली आला. "या किनाऱ्यावर अशी चारशे घरं बांधलीत आपण."

"मग मला काहीच इलाज नाही?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"एकच. पट्टा न बांधता पुन्हा पहिल्यापासून बांधायचं. पण उभं घर कोण पाडणार?"

द्वारकाबाई उठल्या. खिडकीतून समुद्र दिसत होता, शांत, दुपारच्या उन्हात पसरलेला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. दोन महिन्यांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

"पुढचं वादळ कधी म्हणतात हो, डॉक्टरीणबाई?"

ही बाई घरावर वादळ मागतेय, आणि आपल्याला तिची कीव यायला हवी, हे गायधनींना कळत होतं. पण त्यांची नजर सरसर वर गेली होती आणि ते कौलं मोजत होते, आपली कौलं, तग धरतील की नाही म्हणून.