घरी कोण कोण असतं?

इंजेक्शनची सुई शिरेत गेली की सिस्टर प्रत्येक पेशंटला ठरलेला प्रश्न विचारत, "घरी कोण कोण असतं?" माणूस बायकोपासून सुरुवात करी, पोरांची नावं घेता घेता जीभ जड होई, आणि गाडी अडली की डॉक्टर पोट तपासायची दुर्बीण घशात घालत. भीती घालवणारं औषध ते. नंतर कुणाला काही आठवत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

उभा जन्म या औषधात गेला, आणि घरी मात्र लेकीपुढे सिस्टरांचं काही चालेना. मेली चीड येते ती याचीच! पोरगी नोकरी सोडून घरात बसलेली. छाती धडधडे, हातपाय गार पडत. तिच्या डॉक्टरांनी याच जातीची गोळी लिहून दिली होती. ती घ्यायची सोडून हिचं आपलं एकच पालुपद: घरात कुणीतरी येतं, मी जागी असले तरच ते माझ्या खोलीच्या दारापाशी थांबतं. समजावून झालं, रागावून झालं, सिस्टर अगदी टेकीला आल्या होत्या.

अशात एका निवृत्त मास्तरांना इंजेक्शन दिलं. बायकोचं नाव घेता घेता ते थबकले आणि म्हणाले, "दार जरा वर उचलून ढकलावं लागतं." सिस्टरांना हसूच आलं. त्यांच्याही दाराची हीच रड होती. पुढच्या शिंपीणबाईंनी गुंगीत हिरव्या कपाटाचं वर्णन केलं, त्यावरच्या तडकलेल्या आरशासकट. ते हुबेहूब सिस्टरांच्या घरातलं कपाट होतं. तेव्हा मात्र त्यांचं हसू मावळलं. मग एका दुकानदाराने सांगितलं, स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो मी घट्ट केला.

संध्याकाळी सिस्टर घरी गेल्या, तर कित्येक दिवस ठिबकणारा त्यांचा नळ गळत नव्हता. लेकीने त्याला हातही लावला नव्हता.

शुद्धीवर आल्यावर यातल्या कुणाला काही आठवत नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं, तर ते वैतागले. गुंगीत माणूस वाट्टेल ते बरळतो, घरचं टेन्शन इथे आणू नका, म्हणाले. सिस्टरांना राग आला, पण पटलंही. आम्हा मायलेकींच्या डोक्याचा भुगा झालाय, दुसरं काही नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक पुन्हा तेच बोलायला लागली आणि सिस्टरांचा तोल सुटला. गोळी आणि पाणी घेऊन त्या समोर उभ्याच राहिल्या.

"घेते," लेक म्हणाली. "पण मग त्याला अडवायला मी जागी नसेन, आई."

रात्रभर जागलेली पोर, थोड्याच वेळात गाढ झोपली. सिस्टरांनी तिच्या अंगावर पांघरूण घातलं. किती दिवसांनी त्यांना जरा हायसं वाटलं.

त्या दिवशी टेबलावर पहिला आला एक बसड्रायव्हर. एकटा राहणारा माणूस. सोबत कुणीतरी हवंच म्हणून बऱ्याच वादावादीनंतर शेजाऱ्याला घेऊन आला होता. सिस्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सवयीने विचारून गेल्या.

"एक मुलगी असते," तो डोळे मिटून म्हणाला. "रोज माझ्याकडे टक लावून बघते. म्हणून आत जाता येत नाही."

सिस्टरांच्या हातातला ट्रे कलंडला.

"आज झोपलीय."

त्यांनी खिशातून फोन काढला. डॉक्टर ओरडले, इथे फोन कसला? त्यांनी लक्ष दिलं नाही. लेकीला फोन लावला. रिंग जात होती.

"फोन वाजतोय," ड्रायव्हर पुटपुटला. "उशाशी."

डॉक्टरांनी दुर्बीण खाली ठेवली.

रिंग जातच होती. ऊठ गं बाळा, ऊठ.

ड्रायव्हरचा मोकळा हात सावकाश वर आला आणि कानाशी थांबला.

रिंग बंद झाली. फोन उचलला गेला होता.

त्याचे ओठ हलले, पण खोलीत आवाज उमटला नाही. त्याचं ते जड, झोपाळू "हॅलो" सिस्टरांना फोनमधून ऐकू आलं.