लेमूरघरातला बारीक आवाज

"गाजर चिरतोयस की लाकडं फोडतोयस?" टिटवीने विचारलं.

"लेमूरना दात असतात," सुरी खाली न ठेवता तिचा मावसभाऊ म्हणाला. "मोठे तुकडे खाल्ले तर काही बिघडत नाही."

हा मावसभाऊ चौदा वर्षांचा होता आणि सुट्टीत दिवसाचा बराच वेळ झोपून काढायचा, म्हणून घरात त्याला अजगर म्हणत. टिटवी बारा वर्षांची. बोलायला लागली की तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमत नसे. तिचा धाकटा भाऊ कायम तिच्या मागे मागे असायचा, त्यामुळे त्याचं नाव शेपूट पडलं होतं. आताही तो तिला अगदी खेटून उभा राहून कोबीची पानं धूत होता आणि तिच्या चपलांवर पाणी सांडत होता.

तिघं उभी होती ती प्राणिसंग्रहालयातल्या लेमूरघराच्या स्वयंपाकखोलीत. अजगराची आई, म्हणजे टिटवीची मावशी, इथे लेमूरची, म्हणजे माकडासारख्या लांब शेपटीच्या प्राण्यांची, रखवालदार होती. सुट्टीत मुलं घरी एकमेकांची डोकी फोडतील त्यापेक्षा इथे भाज्या चिरलेल्या बऱ्या, असं म्हणून ती त्यांना रोज बरोबर आणत असे.

मावशी आतल्या खोलीतून आली. तिच्या हातातलं परातीएवढं ताट कालच्या खाण्याने तसंच भरलेलं होतं.

"आजही आत आले नाहीत?" टिटवीने विचारलं.

मावशीने नुसती मान हलवली आणि ताट ओट्यावर ठेवलं. तिचे डोळे रात्रभर जागल्यासारखे दिसत होते.

लेमूरघराचे दोन भाग होते. बाहेर झाडं, दोर आणि ओंडके असलेलं जाळीबंद अंगण, आणि आत ऊबदार दिवे लावलेली, गवत अंथरलेली खोली. अंगणातून खोलीत जायला भिंतीत एक छोटी झडप होती. थंडी पडली की सगळा कळप दिवस कलताच शहाण्यासारखा आत जायचा. कळपाची मुख्य म्हणजे एक जाडजूड मादी, आत्याबाई. आत्याबाई पुढे, बाकीचे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या शेपट्या उंच धरून मागे, ही वरात बघायला टिटवीला फार आवडायचं. पण काही दिवसांपासून काय बिनसलं होतं कोण जाणे, आत्याबाई झडपेशी यायची, डोकं आत घालायची आणि अंगाला चटका बसल्यासारखी मागे फिरायची. ती जात नाही म्हटल्यावर बाकीचे कशाला जातात? सगळे बाहेरच एकमेकांना चिकटून कुडकुडत बसायचे.

त्यांच्यातच एक नवी आई होती. तिचं पिलू इतकं लहान होतं की तिच्या पोटाला चिकटलेलं असताना ते शोधावं लागे.

"मादागास्कर बेटावरची यांची जंगलं तुटत चाललीत," मावशी एकदा म्हणाली होती. "जगात फार थोडे उरलेत हे. इथलं एकेक पिलू म्हणूनच मोलाचं."

एवढ्यात प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आणि संचालक आत आले. संचालक उंच, पिकल्या मिशांचे गृहस्थ होते आणि नेहमी घाईत असल्यासारखे बोलायचे.

"आज रात्री थंडी आणखी वाढणार आहे," ते म्हणाले. "ते पिलू बाहेर टिकणार नाही. दुपारी जाळ्या टाकून सगळ्यांना पकडायचं आणि दुसरीकडे हलवायचं."

"साहेब, जाळी बघून ती घाबरून पळत सुटेल," मावशी म्हणाली. "धावपळीत पिलू सुटलं तर?"

"मलाही तीच धास्ती आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी सगळे तपासले. आजारी कुणी नाही. खोलीत साप नाही, ओल नाही, कसला वास नाही. आत का जात नाहीत, तेच कळत नाही. पण बाहेर ठेवले तर पिलू जाईल, हे मात्र नक्की."

साहेब गेल्यावर तिने झाडू उचलला आणि मुलांना म्हणाली, "चला, निदान खोली तरी झाडून घेऊ. हातांना काम असलं की बरं असतं."

लेमूर बाहेर असल्यामुळे मुलांना आतल्या खोलीत जाता आलं. दोन पावलं टाकली न टाकली तोच शेपटाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"काय झालं?" टिटवीने विचारलं.

"कानात कुणीतरी टाचणी टोचतंय."

टिटवी झाडायची थांबली. खरंच की. डासाच्या गुणगुणण्याहून कितीतरी बारीक, ताणलेल्या तारेसारखा एक आवाज येत होता. दात शिरशिरावेत तसा.

"मला वाटलं माझेच कान वाजतायत," अजगर म्हणाला. "आई, कसला आवाज आहे हा?"

मावशी मध्यभागी स्तब्ध उभी राहिली. तिने मान एकीकडे कलती केली, मग दुसरीकडे. "मला काहीच ऐकू येत नाही."

"एवढा मोठा येतोय," शेपूट रडवेला होऊन म्हणाला.

तिघांच्या तोंडाकडे मावशीने आळीपाळीने पाहिलं. ही मुलं थट्टा करताना कशी दिसतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. आत्ता ती तशी दिसत नव्हती. पण तेवढ्यात बाहेरून कुणीतरी तिला जाळ्या बघायला हाक मारली.

"कुठून येतोय ते शोधा," जाता जाता ती म्हणाली. "कशालाही हात लावू नका. सापडलं की आधी मला सांगा."

मग काय विचारता. टिटवीने एक कान बोटाने बंद केला आणि ती भिंतीला लागून चालू लागली. अजगराने दुसरी बाजू धरली. दिव्यांखाली आवाज कमी होता, झडपेकडे आणखी कमी. मागच्या भिंतीशी मात्र शेपूट तोंड वेडंवाकडं करून मागे सरला. त्या भिंतीत वर हवेसाठी एक जाळी होती.

"पलीकडे काय आहे?"

"धान्याची कोठी," अजगर म्हणाला आणि चक्क पळत सुटला. टिटवीने त्याला पळताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

कोठीचं दार उघडंच होतं. आत पोत्यांची थप्पी लागली होती आणि थप्पीच्या मागे, जाळीच्या बरोबर खाली, भिंतीतल्या विजेच्या खटक्यापाशी साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी खोचलेली होती. तिच्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता. टिटवीने दोन्ही कान दाबून धरले.

"ए, काय चाललंय तिथे?"

दारात दुरुस्ती विभागाचे मुकादम उभे होते. हातात पाना, कपाळावर आठ्या.

"काका, ही डबी कसली आहे?"

"उंदीर पळवायची. थंडीत पोत्यांना भोकं पाडतात. मीच लावलीय. चला, निघा बाहेर."

"हिच्या आवाजामुळेच लेमूर आत जात नाहीत," टिटवी म्हणाली.

"आवाज?" मुकादमांनी डबीला कान लावला आणि हसले. "अगं, ही मुकी आहे. मी इथे बसून डबा खातो रोज. चला, तुमच्या खेळांना दुसरी जागा शोधा." त्यांनी तिघांना बाहेर काढलं आणि दाराला कुलूप घातलं.

अंगणाशी जाळ्या उलगडून झाल्या होत्या. नवी आई सर्वांत उंच फांदीवर जाऊन बसली होती आणि पिलाला दोन्ही हातांनी कवटाळून खाली बघत होती. ती धापा टाकत मावशीपाशी पोहोचली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

"आवाज मुलांना येतो आणि मोठ्यांना येत नाही?" संचालक म्हणाले. "आत्ता गंमत करायची वेळ आहे का?"

डॉक्टरीणबाईंचा हात मात्र जाळीवरच थांबला. "साहेब, वय वाढतं तसे अगदी बारीक आवाज आपल्याला ऐकू येईनासे होतात. लेमूरना तर मुलांहूनही बारीक आवाज येतात. मला हे आधीच सुचायला हवं होतं."

"पण खरं कशावरून?"

"आमची परीक्षा घ्या," टिटवी म्हणाली. "तुम्ही कोठीत जाऊन डबी चालू-बंद करा. आम्ही इकडे भिंतीकडे तोंड करून उभे राहतो. चालू असेल तेव्हा हात वर, बंद केली की खाली. एकदा जरी चुकलो तरी टाका जाळ्या."

"खटक्याचा आवाज ऐकून सांगतील," मुलांच्या मागोमाग आलेले मुकादम म्हणाले.

"मग मी उगीचच खटके वाजवीन," संचालक म्हणाले. त्यांच्या मिशा किंचित हलल्या.

तिघं आतल्या खोलीत रांगेने उभी राहिली. मावशी आणि डॉक्टरीणबाई त्यांच्या मागे. भिंतीतल्या हवेच्या जाळीतून खटका ऐकू आला. तिन्ही हात वर. पुन्हा खटका, हात खाली. मग खटक्यांचा नुसता तडतडाट झाला आणि शांत झाला. टिटवीला घाम फुटला होता. तिने डोळे घट्ट मिटले आणि फक्त ऐकलं. नाही, काही नाही. तिने हात खालीच ठेवला. शेजारी दोघांचेही हात खालीच होते, हे तिला दिसलं नाही.

बराच वेळ गेला. भिंतीपलीकडून चकार शब्द नाही.

"साहेब, बंदच आहे," शेपूट अखेर ओरडला. "तुम्हाला झोप लागली का?"

पलीकडून संचालकांचं हसणं ऐकू आलं. ते आले तेव्हा डबी त्यांच्या हातातच होती.

"एकदाही चुकले नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संचालक मुकादमांकडे वळले. "ही लावताना कुणाला विचारलं होतं?"

"गडबडीत राहूनच गेलं, साहेब." मुकादमांनी हातातला पाना उगीचच या हातातून त्या हातात घेतला. मग ते शेपटापुढे उकिडवे बसले. "फार टोचत होतं का रे? मला खरंच कळलं नाही."

जाळ्या गुंडाळल्या गेल्या. मावशीने ताजं ताट आत ठेवलं, दिवे लावले आणि सगळी काचेच्या खिडकीमागे दडून बसली. ऊन उतरू लागलं. आत्याबाई झडपेशी आली. तिने डोकं आत घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. टिटवीने श्वास रोखला. आत्याबाई आत शिरली, थेट ताटाकडे गेली आणि गाजराचा सर्वांत मोठा तुकडा उचलून दिव्याखाली बसली. तिच्यामागे एकेक शेपटी आत येऊ लागली. सर्वांत शेवटी, थबकत थबकत, नवी आई.

मावशीने तोंडावर पदर दाबावा तशी बाही दाबली.

"आम्ही सगळे पिंजऱ्यात काय बिघडलंय ते शोधत होतो," संचालक मुलांना म्हणाले. "तुम्ही ऐकलंत आणि कुणी हसलं तरी मागे हटला नाहीत. तुमच्यामुळे ते पिलू आज उबेत झोपेल. उद्यापासून या प्राणिसंग्रहालयात नवं यंत्र लावायचं झालं तर आधी तुमचे कान, मग माझी सही."

सुट्टी संपत आली तेव्हाची एक सकाळ. कळप अंगणात उन्हात पोटं शेकत बसला होता. मावशीने अचानक टिटवीचा दंड धरला आणि बोट दाखवलं. नव्या आईच्या कुशीतून एक इवलासा हात बाहेर आला. मग कान, मग गोल डोळे. पिलू आईच्या केसांना धरून धडपडत वर सरकलं, एकदा घसरलं, पुन्हा चढलं आणि तिच्या पाठीवर जाऊन बसलं.

"आज पहिल्यांदाच," मावशी हळूच म्हणाली. "पाठीवर चढण्याएवढी ताकद आली. आता ते जगणार."

आई उठली, शेपटी उंच केली आणि पिलाला पाठीवर घेऊन ओंडक्यावरून चालू लागली.