चिएन साहेबांना बोर चालत नाही

वर्ग सुरू होऊन बारा मिनिटं झाली होती, त्यामुळे दारातून आत आलेल्या त्या उंच तरुणाला शिक्षिका लो पेई-शाननं तोंड उघडूच दिलं नाही.

"नाव नंतर सांगा. आधी पट्टा चढवा," ती म्हणाली.

कांगशानच्या प्रशिक्षण केंद्रात ती छपरावर काम करणाऱ्यांना शिकवायची. पत्र्यावर पाय ठेवण्याआधी अंगात पट्टा कसा घालायचा, दोरी कशाला अडकवायची, हे सगळं. उशिरा येणारे, मागच्या बाकावर पेंगणारे, सही ठोकून पसार होणारे, असे सगळे नमुने तिनं पाहिले होते. या नमुन्याला तिनं चांगलं आवळून बांधलं, सरावाच्या लोखंडी चौकटीला अडकवलं, बटण दाबलं आणि जमिनीपासून दोन हात वर उचलून ठेवलं.

"आता सांगा, कुठं रुततंय?"

"उजव्या मांडीला. डावीकडचा पट्टा एक भोक सैल आहे," तो वरून शांतपणे म्हणाला. "आणि बाई... माझं ओळखपत्र शर्टाच्या खिशात आहे. माझा हात पोचत नाहीये. तुम्ही काढता का?"

तिनं काढलं. चिएन यू-हेंग, निरीक्षक, कामगार तपासणी कार्यालय. वर्ग खरोखर भरतात की नुसत्या सह्या होतात, हे बघायला न सांगता आला होता. पंधरा छप्परवाले हसू दाबून माना खाली घालून बसले. पेई-शानला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्याला खाली उतरवून ती धावत चहा घेऊन आली. त्यानं पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली.

"तपासणीला आल्यावर आम्हाला काही घेता येत नाही."

"चहा आहे हो नुसता."

"चहासुद्धा नाही." पण हे म्हणताना तो हसला, आणि एका गालाला खळी पडली. सरकारी माणसाला खळी असते, हे तिला नवीनच होतं.

नोकरी गेली, असं धरूनच ती घरी गेली. आठवड्यानं अहवाल आला. शेऱ्यात एकच ओळ होती : शिक्षिका कोणालाही सोडत नाही, समाधानकारक. ती ओळ पेई-शाननं किती वेळा वाचली, ते विचारू नये.

त्याच वर्षी कार्यालयानं आणि केंद्रानं हातमिळवणी केली. कार्यालयानं अपघातांच्या नोंदी द्यायच्या, केंद्रानं त्यावरून धडे बसवायचे आणि लहान ठेकेदारांच्या माणसांना फुकट शिकवायचं. करार एका वर्षाचा, पुढचं पुढं. कार्यालयाकडून देखरेखीला आला चिएन यू-हेंग. सगळं जमलं, फक्त शिकायला कोणी येईना. दिवस बुडवून वर्गात कोण बसणार?

तेव्हा पेई-शान म्हणाली की ते येत नसतील तर आपण जाऊ. देवळाशेजारच्या न्याहारीच्या टपरीवर सकाळी सहाला सगळे छप्परवाले जमतात, तिथंच अंगणात वर्ग घेऊ. अशा कल्पनेला सरकारी माणूस आधी नाक मुरडणार, अशी तिची खात्री होती. त्यानं फक्त विचारलं, "चौकट न्यायला गाडी किती वाजता आणू?"

दर बुधवारी सकाळी तो गाडी घेऊन यायचा. ती टेबलावर सोयाच्या दुधाचे दोन पेले मांडायची.

"दुसरा कोणाचा?" तो विचारायचा.

"नियमाचा. त्यालाही कधी तहान लागेल."

"त्याला सवय आहे... न पिता राहायची."

"बिचारा नियम," ती म्हणायची, आणि वर्ग संपल्यावर तो पेलाही तीच पिऊन टाकायची.

एकदा बोलता बोलता तिनं वडिलांचं सांगितलं. तेही छप्परवालेच. ती अकरा वर्षांची असताना त्यांचा पाय उजेडासाठी बसवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यावर पडला आणि ते थेट खाली गेले. तेव्हापासून डावा पाय ओढत चालतात. पुढच्या बुधवारी यू-हेंगनं भंगारातून तसलाच उन्हानं करपलेला पत्रा शोधून आणला आणि म्हणाला, हे एकेकानं हातानं मोडून बघा. पत्रा पापडासारखा मोडला. पेई-शाननं पाठ फिरवून डोळे पुसले. त्या दिवसापासून तिचं मन तिच्या ताब्यात राहिलं नाही.

एकच माणूस पालथा घडा होता, साठीचे अ-तोंग काका. "मी काय बकरी आहे, दोरीला बांधून घ्यायला?" असं म्हणत ते दर बुधवारी पुढच्याच बाकावर बसायचे. पेई-शानही त्यांना दर वेळी पट्टा चढवायला लावायचीच. शेवटी तिची कटकट नको म्हणून ते कामावरही दोरी अडकवू लागले.

डिसेंबरात एका स्क्रूच्या कारखान्यावर त्यांच्या पायाखालचा प्लास्टिकचा पत्रा गेला. दोरी होती. काका अधांतरी लटकले, आणि खाली यंत्र धडधडत राहिलं.

जानेवारीत ते बोरांची पेटी घेऊन वर्गावर आले. घरची बोरं, एकेक मुठीएवढं. त्यांनी सगळ्यांना वाटली आणि सर्वांत मोठं बोर यू-हेंगच्या हातावर ठेवलं.

"बायकोनं स्वतः निवडून दिलंय, साहेब. तिचं कुंकू तुम्ही दोघांनी राखलंत. हे खा."

यू-हेंगनं ते बोर दोन्ही हातांनी परत पेटीत ठेवलं आणि कमरेत वाकून कितीतरी वेळ नमस्कार केला. "काका, तुम्ही समोर उभे आहात, मला सगळं मिळालं. पण बोर नाही चालत."

काकांचा चेहरा उतरला. पेई-शानच्या मस्तकाची शीर उठली. गाडीपाशी गाठून तिनं त्याला विचारलं, "माणसाचे आभारसुद्धा घेता येत नाहीत तुम्हाला? एक बोर, साहेब!"

तो तिच्याकडं बघत राहिला. "काही गोष्टी घ्याव्यात असं फार वाटतं, लो बाई... आणि म्हणूनच—" वाक्य तसंच ठेवून तो गाडीत बसला.

पुढच्या बुधवारी तो आला नाही. त्यानंतरच्याही नाही. फेब्रुवारीत कराराच्या नूतनीकरणासाठी शू नावाच्या कडक बाई आल्या. त्यांनी वर्षभराच्या हजेऱ्या तपासल्या आणि टपरीवाल्यापासून अ-तोंग काकांपर्यंत सगळ्यांना एकच प्रश्न विचारला : इथून साहेबांनी कधी काही घेतलं का?

"एक बोर घेतलं नाही हो त्यानं!" काका अजूनही घुश्शात होते. बाईंनी ते लिहून घेतलं.

पेई-शाननं भीत भीत चौकशी केली. शू बाई म्हणाल्या, "चिएन? बदलून बंदरावर गेला. स्वतःच मागून घेतलं त्यानं."

स्वतःच! ते ऐकून तिला जेवण गेलं नाही. वर्गाचाही जीव टांगणीला, आणि तिचाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं. करार तीन वर्षांनी वाढला होता. केंद्रात मिठाई वाटली गेली. ज्याला हे सर्वांत आधी सांगायचं, तोच नव्हता.

त्या बुधवारी तिनं सवयीनं दोन पेले मांडले. कोणीतरी समोरच्या स्टुलावर येऊन बसलं. बाटली नाही, फाइल नाही, साधा निळा स्वेटर.

"साहेबांना बंदर मानवलेलं दिसतंय," ती पेल्याकडं बघत म्हणाली.

"वारा फार आहे." त्यानं घडी घातलेला कागद तिच्यापुढं सरकवला. त्याच्या अर्जाची प्रत होती. तारीख बोरांच्या दिवसाची. या केंद्राच्या देखरेखीतून मला मुक्त करावं, असं वर लिहिलं होतं, आणि कारणाच्या रकान्यात सरकारी, सरळ अक्षरात : येथील एका शिक्षिकेच्या बाबतीत मी निःपक्षपाती राहू शकत नाही.

तिनं ते दोनदा वाचलं. अक्षरं पुसट व्हायला लागली.

"हा वर्ग तुमचाही होता," ती कशीबशी म्हणाली. "सोडवला कसा?"

"मी राहिलो असतो तर करारावर बोट ठेवलं गेलं असतं. वर्ग राहायला हवा होता. आणि मला... गप्प राहवत नव्हतं."

"ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही वर्षभर?"

"तुम्ही दर बुधवारी दोन पेले मांडत होता. भांडं कोण लपवत होतं?"

ती लाजली. शेजारच्या बाकावरून अ-तोंग काकांनी न बोलता एक पिशवी पुढं सरकवली. हंगामातली शेवटची बोरं होती. पेई-शाननं एक उचललं, आधी स्वतः दातांनी तोडून पाहिलं. गोड होतं. उरलेलं तिनं त्याच्यापुढं धरलं.

"आता चालतं?"

"आता मी इथला कोणी नाही."

"कोणीच नाहीस?" ती म्हणाली. 'साहेब' गेला, 'तुम्ही'ही गेलं, हे तिच्या आधी त्याच्या लक्षात आलं, आणि ती खळी पुन्हा पडली.

त्यानं बोर घेतलं आणि सावकाश, बी चाटूनपुसून खाल्लं. मग काकांकडं वळून आभार मानायला लागला, तर काका म्हणाले, "माझे कशाला? उष्टं तिनं दिलंय."

सहा वाजत आले होते. छप्परवाले पट्टे चढवायला उठले, तशी तीही उठली, आणि जाता जाता वाकून त्याच्याजवळ हळूच म्हणाली, "त्या दिवशी बोर घेतलं नाहीस, त्याबद्दल आभार. आणि आज घेतलंस... त्याबद्दल जास्त."